‘त्राता’ लिहावे की ‘तारणहार’?

प्रश्न :
आमचे गाव भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा ज्या ढिवर बांधवांनी आपल्या डोंग्यांतून माणसे बाहेर काढली, त्यांना ग्रामसभेत मानपत्र द्यायचे राहूनच गेले होते. आता त्याचा मसुदा माझ्याकडे आला आहे. मी ‘आमचे त्राते’ असे लिहिले. एका ज्येष्ठांचे म्हणणे असे, की त्राता हा देवच, माणसासाठी ‘तारणहार’ लिहावे. योग्य काय?

उत्तर १ :
‘त्राता’ हा शब्द रक्षण करणे या अर्थाच्या ‘त्रै’ धातूपासून आला असून वक्ता, नेता यांप्रमाणेच चालतो, म्हणून ‘त्राते’ हे अनेकवचन बरोबर आहे. आपण ‘त्राही त्राही’ म्हणतो, तेही याच धातूचे ‘वाचव’ अशा अर्थाचे रूप. संस्कृतात छत्रीला ‘आतपत्र’, म्हणजे उन्हापासून राखणारे, म्हणतात. छत्रीला चालणारा धातू नावाड्याला का चालू नये?

उत्तर २ :
‘तारणे’ म्हणजे मुळात पैलतीरी नेणे. ‘तारू’ हा शब्दही त्याच घरचा. त्यामुळे डोंगा हाकणाऱ्याला अर्थाने ‘तारणहार’च अधिक जवळचा आहे. मात्र ज्येष्ठांची वाटणी मला उलटी वाटते, कारण देवाचा वास याच शब्दाला अधिक येतो. मराठी बायबलातही येशूला ‘तारणारा’ म्हटले आहे. शिवाय पुढाऱ्यांच्या फलकांवर झिजून झिजून तो आता उपहासानेच वाचला जातो. आमच्या वाशीमकडे तर नुसते ‘तारण’ म्हटले, की बाजार समितीच्या गोदामात कर्जासाठी ठेवलेले सोयाबीनचे कट्टे डोळ्यांपुढे येतात.

उत्तर ३ :
कोणी ‘वाली’ सुचवल्यास घेऊ नये. तो अरबीतून आलेला असून ‘आम्हांला कोणी वाली नाही’ अशा नकारातच शोभतो. ‘कैवारी’ हा बाजू घेणारा. पाण्यात उतरेलच असे नाही.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. काल शेजारच्या आजींना मसुदा वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, “डोंगावाल्यानं वाचवलं मले, तसंच लिव ना.” म्हणून वरच्या ओळींत कोणी किती फेऱ्या मारल्या आणि कोणाला कोणत्या छपरावरून उतरवले एवढेच लिहिले असून ‘त्राते’ हा शब्द शेवटी एकदाच ठेवला आहे.