मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर डीव्हीडीसाठी कोणता प्लेयर टाकू?

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप विंडोज ७ च्या काळातला आहे, रॅम ४ जीबी. त्यावर विंडोज १० टाकल्यापासून सोबत आलेला जुना डीव्हीडी प्लेयर उघडतच नाही. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात नसते, म्हणून दुसरा प्लेयर टाकणं भागच होतं.

सध्या व्हीएलसी टाकलाय. फुकट आहे, डीव्हीडीवरचा व्हिडिओ ज्या एमपेग-२ प्रकारात असतो, तो उलगडणारा डीकोडर त्यातच असल्यामुळे वेगळा कोडेक (व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. विकतच्या डिस्क छान चालतात. अडचण घरच्या समारंभांच्या डिस्कची आहे. कोणी हललं की चित्राच्या कडांना आडव्या रेघा दिसतात. हे इंटरलेसिंग आहे (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं मिळून एक चित्र बनतं), एवढं कळलंय. या रेघा घालवणारं डीइंटरलेस चालू करून त्यातली 'याडिफ' ही पद्धत निवडली की रेघा जातात, पण मग चित्र अडखळतं आणि पंखा जोरात फिरू लागतो. 'ब्लेंड' ही पद्धत ठेवली तर चित्र धुरकट होतं. त्या डिस्कवर आता हयात नसलेली आमची माणसं आहेत, त्यामुळे चित्र नीट दिसावं असं फार वाटतं.

तर, व्हीएलसीत हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू ठेवावं की बंद? अशा लॅपटॉपवर एमपीसी-एचसी हा दुसरा फुकट प्लेयर हलका पडेल का? कोणी पैसे देऊन प्लेयर घेतला असेल, तर चित्रात खरंच फरक पडला का?

आणखी एक. एक डिस्क दुसऱ्या रीजनची (जगाच्या दुसऱ्या भागात चालावी म्हणून बनवलेली) आहे. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, म्हणून त्याला अजून हात लावलेला नाही. व्हीएलसी रीजन न बदलता ती चालवेल का?