आई-बाबांना घेऊन कुस्को आणि माचू पिच्चू: प्रायव्हेट गाईड घ्यावा की ग्रुपबरोबर जावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमधे आम्ही चौघं पेरूला जातोय, मी, नवरा आणि माझे आई-बाबा. बाबा ६८ चे, आई ६४ ची. विमानाची तिकिटं झालीत, लिमाहून कुस्को, आणि कुस्कोच्या भागात आमच्याकडे पूर्ण सहा दिवस आहेत.

बाबांनी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली आणि स्पॅनिश लोक येण्याआधी तिथं राज्य करणारे इंका लोक हा त्यांचा फार जुना जिव्हाळ्याचा विषय, त्यांना नुसतं "हे देऊळ, तो राजवाडा, चला पुढे" असं नकोय, त्यांना प्रश्न विचारायचे असतात आणि एकेका गोष्टीपाशी थांबायचं असतं. आईचे गुडघे कुरकुरतात, चढताना चालतं पण उतरताना जास्त त्रास होतो.

दोन कंपन्यांशी बोलणं झालं. एक म्हणतेय बसने ग्रुप टूर, एका दिवसात पिसाक, ओल्लांतायतांबो, चिंचेरो ही कुस्कोजवळची इंकांची ठिकाणं आणि मधे जेवण. दुसरी म्हणतेय चार दिवस आमचा आमचा गाईड आणि गाडी, पण माणशी खर्च जवळजवळ तिप्पट होतोय. मेलमधे "सगळं धरून" असं लिहिलंय पण माचू पिच्चूचं, म्हणजे डोंगरावरच्या त्या जुन्या इंका शहराचं, तिकीट नक्की कुठलं ते कुठंच नाही. तिप्पट पैसे देण्यासारखं त्यात खरंच काही आहे का? आणि उंचीचा त्रास आई-बाबांना कितपत होईल? अनुभव असलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पायवाट

ताई, मी दोन वर्षांपूर्वी अशाच एकदिवसीय बसने गेलेलो, कंपनीचं नाव घेत नाही. सकाळी तासभर हॉटेलं फिरून माणसं गोळा केली, मग चांदीच्या दुकानात थांबवलं, मग जेवणाला भरपूर वेळ, आणि ओल्लांतायतांबोला पोचलो तर गाईड म्हणाला चाळीस मिनिटांत खाली या. चाळीस मिनिटांत मी जेमतेम वर चढलो, फोटो काढला आणि धावत उतरलो. तिथून मी काय घेऊन आलो असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही, आणि त्याचं अजून वाईट वाटतं. तुमच्या बाबांसारख्या माणसाला त्या बसमधे बसवू नका.

कातळ

रानजाईताई, तुमच्या बाबांबद्दल वाचलं म्हणून मुद्दाम बसून लिहितोय, थोडं लांबेल.

मी तिथं दोनदा गेलो, पहिल्यांदा पुस्तक हातात घेऊन एकटा आणि दुसऱ्यांदा गाईड घेऊन. फरक गाडीचा, एसीचा, आरामाचा नाहीये. इंकांनी लिहून काही ठेवलेलं नाही, त्यांच्याकडे आपल्या अर्थाने लिपी नव्हती, हिशोब ठेवायला गाठी मारलेले दोर होते, किपू म्हणतात त्यांना. त्यामुळे त्या जागांवर वाचायला पाटी नाही, शिलालेख नाही, जे आहे ते दगडात आणि पाण्यात आहे आणि ते कुणीतरी दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतींसमोरून चालत गेलो, दुसऱ्यांदा भिंती बघितल्या.

कुस्कोत कोरिकांचा म्हणून सूर्यमंदिर आहे, इंतीचं, म्हणजे सूर्यदेवाचं. स्पॅनिश लोकांनी त्याच्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १६५० आणि १९५० या दोन मोठ्या भूकंपांत शहरातल्या स्पॅनिश इमारतींचं प्रचंड नुकसान झालं, आणि १९५० नंतर तर पडझडीतून आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या. भिंती किंचित आत कललेल्या, दारं-कोनाडे वर अरुंद आणि खाली रुंद, दगडांच्या मधे चुना नाही. आमच्या गाईडने मला सांध्यावरून बोट फिरवायला नाही लावलं (हात लावायचा नसतो), त्याने मला बाजूने उन्हाच्या तिरिपेत बघायला लावलं, आणि मग दगडांवरच्या ठोक्यांच्या बारीक खुणा दिसायला लागल्या.

त्या खुणा कसल्या, तर बर्कलीचे वास्तुविशारद जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी ओल्लांतायतांबोला आणि तिथल्या खाणीत अभ्यास करून स्वतः दगड घडवून बघितले, कठीण गोट्याने ठोकत ठोकत. जमलं त्यांना. म्हणजे हे परग्रहावरून आलेल्यांनी केलं वगैरे जे व्हिडिओ फिरतात त्याची काही गरजच नाही, माणसांनी हातांनी आणि चिकाटीने केलंय, आणि मला तरी हे जास्त थक्क करणारं वाटतं.

आणि ओल्लांतायतांबोला अर्धा दिवस द्याच. वर सहा प्रचंड गुलाबीसर शिळांची भिंत आहे, त्या शिळा नदीपलीकडच्या डोंगरावरच्या काचिकाता खाणीतून आणलेल्या, म्हणजे डोंगरावरून खाली, उरुबांबा नदी ओलांडून, आणि परत वर. काही शिळा वाटेतच राहून गेल्यात, त्यांना तिथले लोक थकलेले दगड म्हणतात. काम अर्धवट राहिलेलं दिसतं आणि म्हणूनच ते कसं चालायचं ते कळतं, पूर्ण झालेल्या ठिकाणी ते कळत नाही. इथंच इंकांचा राजा मांको इंका याने स्पॅनिश सेनापती एर्नांदो पिसारोच्या सैन्याला परतवलं, खालच्या शेतात पाणी सोडून घोडे अडवले असं सांगतात. बाबांना हे तिथं उभं राहून ऐकायला मिळायला हवं, चाळीस मिनिटांत नाही.

तर माझं मत, पैसे गाईडवर घाला. तो अधिकृत आहे का विचारा, ओळखपत्र असतं त्यांच्याकडे. आणि ठरवायच्या आधी त्याच्याशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा आणि बाबांना बोलू द्या, कारण काही गाईड पाठ केलेलं बोलतात आणि प्रश्न विचारला की गडबडतात.

निळीशाई

कातळदादांचं सगळं पटलं पण चारही दिवस प्रायव्हेट कशाला? मी वेगळं केलं ते सांगते. कुस्को गावात स्वतः फिरलो. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, मुख्य चौक, कासा कोंचा म्युझियम, हे सगळं पायी होतं. (अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम १९११ ला माचू पिच्चूला पोचला आणि तिथल्या वस्तू येल विद्यापीठात गेल्या, त्या शंभर वर्षांनी परत आल्या त्या या म्युझियममधे आहेत, बाबांना नक्की न्या. आणि बिंगहॅम पोचला तेव्हा तिथं शेतकरी कुटुंबं राहत होती हेही त्यांना माहीत असेलच.) साक्सायवामानला, म्हणजे गावाच्या वरच्या इंका किल्ल्याला, टॅक्सीने वर गेलो आणि गेटपाशीच गाईड मिळाला. मुख्य पटांगण सपाट आहे, आईंना काही अडचण नाही.

तिकिटाचं नीट समजून घ्या. बोलेतो तुरिस्तिको म्हणून एकच तिकीट असतं, मी काढलं तेव्हा १३० सोल (पेरूचं चलन), १० दिवस चालतं आणि १६ ठिकाणं त्यात येतात, साक्सायवामान, पिसाक, ओल्लांतायतांबो, चिंचेरो, मोराय, तिपोन वगैरे. नुसती व्हॅली (उरुबांबा नदीचं खोरं, पिसाक-ओल्लांतायतांबोचा भाग) करायची तर तेव्हा ७० सोलचं दोन दिवसांचं पण होतं. कोरिकांचा आणि मारासची मिठागरं त्यात नाहीत, तिथं वेगळे पैसे. प्रायव्हेट टूरवाल्याला हे एकेक नाव घेऊन विचारा, की यातलं काय धरलंय. "सगळं धरून" याला काही अर्थ नसतो.

म्हणजे गाईड-गाडी घ्यायची ती व्हॅलीचे दोन दिवस आणि माचू पिच्चूचा एक. तीनच दिवस.

सकाळपाळी

मी डॉक्टर आहे आणि माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, उंचीबद्दल लिहिते.

कुस्को ३४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्राकाठी, तुम्ही तासा-दीड तासात थेट वर जाता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. माचू पिच्चू मात्र २४३० मीटर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. म्हणून क्रम बदला. विमानतळावरून तडक गाडीने खाली व्हॅलीत उतरा, उरुबांबा किंवा ओल्लांतायतांबोला मुक्काम करा, ते २८०० च्या आसपास आहे. पहिल्या दिवशी काहीही बघायचं नाही, फक्त जेवण हलकं आणि झोप. मग व्हॅली, मग माचू पिच्चू, आणि कुस्को शेवटी. चिंचेरो ३७०० च्या वर आहे, तिथं पहिल्या दिवशी वाटेत थांबवायला लागले तर नाही म्हणा.

उंचीच्या त्रासावर असिटाझोलामाइडची गोळी असते पण ती स्वतःच्या मनाने नको, बाबांच्या बीपीच्या वगैरे काय गोळ्या चालू आहेत ते बघून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, प्यायला हरकत नाही, पण पानं बॅगेत घालून परत आणू नका, बाकीच्या बहुतेक देशांत ते बेकायदा आहे. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवशी होऊ शकतं. पण आराम करतानाही दम लागला, चालताना तोल जायला लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट न बघता ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

प्रायव्हेट गाडीचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटला की सासूबाईंना दुसऱ्या दिवशी बरं वाटेना तेव्हा पिसाक अर्ध्यावर सोडून आम्ही हॉटेलवर परत गेलो, बसमधे तीस माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत.

रानजाई

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, थकलेल्या दगडांपाशी त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

निळीशाईताईंचं तीन दिवसांचं गणित पटलंय आणि क्रमही बदलतोय, आधी व्हॅली आणि शेवटी कुस्को. आता फक्त माचू पिच्चूचं अडलंय. मी वाचलं की तिथं तीन सर्किट आहेत, म्हणजे आत फिरायच्या ठरवून दिलेल्या वाटा, आणि आईला तीन नंबरचं सोपं पडेल, पण आई म्हणते इतक्या लांब जाऊन ते फोटोतलं माचू पिच्चू मला दिसणार नसेल तर मी हॉटेलवरच बसते. काय करू?

निळीशाई

आई बरोबर बोलतायत! २०२४ पासून तिथं तीन सर्किट आणि त्यात दहा मार्ग केलेत, तिकिटावर मार्ग आणि वेळ छापलेली असते, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही, उलटं फिरता येत नाही, बाहेर आलं की संपलं. एक नंबर म्हणजे वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवरून नुसता देखावा. दोन नंबरमधे तो देखावा पण आणि खाली गावात शिरून पण. तीन नंबर खालून खालून, चढ कमी, सूर्यमंदिराच्या बाजूने, पण तो वरून दिसणारा फोटो नाही.

तुम्ही दोन नंबर घ्या चौघांचंही. सुरुवातीला चढ आणि मग उतार आहे, सावकाश केलं तर होतं. वयस्कर माणसांना काठी नेऊ देतात, खाली रबरी टोपण असलेली, ती आधीच घेऊन ठेवा. आत टॉयलेट नाही, गेटबाहेर आहे, आत जायच्या आधीच जाऊन या. मी गेले तेव्हा साधं तिकीट परदेशी माणसाला १५२ सोल होतं आणि दोन नंबरची तिकिटं फार लवकर संपतात, सप्टेंबर म्हणजे कोरडा मोसम, त्यामुळे आजच बघा. कंपनीला लेखी विचारा, सर्किट दोन, कितीची वेळ, आणि तिकीट काढल्यावर त्याची प्रत पाठवा म्हणावं. "मिळेल ते काढू" असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी शोधा.

कातळ

एक भर घालतो. माचू पिच्चूच्या पायथ्याच्या अग्वास कालियेंतेस गावाला गाडीरस्ता नाही, ओल्लांतायतांबोहून रेल्वेने दीड-पावणेदोन तास लागतात, आणि रेल्वेत छोटीच बॅग चालते, मोठ्या बॅगा ओल्लांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा. आदल्या रात्री अग्वास कालियेंतेसला मुक्काम करा, म्हणजे सकाळी आई-बाबांची धावपळ होणार नाही, तिथून बस वर गेटपर्यंत नेते, अर्धा तास.

आत गेल्यावर गाईडला सांगा, पाणी दाखव. एकाखाली एक अशी १६ कुंडं आहेत, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने आणून त्यात सोडलंय. आणि शेताच्या पायऱ्यांच्या पोटात काय आहे ते विचारा, वर माती, खाली वाळू-खडी, त्याखाली मोठे दगड, म्हणून इतक्या पावसात तो डोंगर खचला नाही. बहुतेक लोक लामाबरोबर फोटो काढून पुढे जातात आणि हे बघायचं राहून जातं.

बाबांना केचुआचे, म्हणजे इंकांच्या आणि आजही तिथं बोलल्या जाणाऱ्या भाषेचे, दोन शब्द शिकवून ठेवा. आयियांचु म्हणजे कसे आहात, सुल्पायकी म्हणजे धन्यवाद. माझा गाईड पहिल्या दिवशी नुसती माहिती देत होता, मी सुल्पायकी म्हटल्यावर हसला आणि दुपारी स्वतःहून सांगायला लागला की त्याची आजी पेरणीच्या आधी पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला, काय काय वाहायची.

रानजाई

कंपनीला आत्ताच मेल टाकला, सर्किट दोन, सकाळची वेळ, तिकिटाची प्रत हवी. काठ्यांचं पण लिहून ठेवलं. गाईडबरोबर शनिवारी कॉल ठरलाय, बाबांनी वही काढलीय आणि प्रश्न लिहायला बसलेत, पहिलाच प्रश्न आहे की त्या शिळा नदी ओलांडून नेल्या तेव्हा पाण्याचं काय केलं.

कातळ

नदीचं पात्रच आलटून पालटून वळवलं असावं असं एक म्हणणं आहे, पण ते मी सांगण्यापेक्षा गाईड काय सांगतो ते बघा आणि कॉल झाला की इथं लिहा.