‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’: शंख पुरे, चष्म्याबद्दल बोला

काठावरचा
विल्यम गोल्डिंगच्या या कादंबरीत (१९५४) इंग्रज शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात आणि हळूहळू रानटी होतात. तिचा विषय निघाला की गाडी शंखापाशी अडते, ज्याच्या हाती तो त्यानेच सभेत बोलायचं. शंख म्हणजे लोकशाही, तो फुटला की लोकशाही संपली. उत्तरपत्रिकेत खपतं हे. पण बेटावर खरी किंमत आहे पिगी या मुलाच्या चष्म्याला. आग त्यातूनच पेटते. सुटकेचा धूर आणि डुकराचं भाजलेलं मांस, दोन्ही त्यावर अवलंबून. चौथ्या प्रकरणात शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक याच्या तडाख्याने तो खडकावर आपटतो, एक भिंग जातं. दहाव्यात जॅकची टोळी रात्री झोपडीत घुसते, तेव्हा पिगीला वाटतं शंखच न्यायला आलेत. शंख जागच्या जागी. नेला तो चष्मा!

शिंपलेवाली
शंख चोरून उपयोगच काय? सगळ्यांनी मानला तरच तो शंख. पहिल्या प्रकरणात राल्फ मुलांचा नायक म्हणून निवडून येतो तो मुख्यतः हातात शंख आहे म्हणून. जॅकला मत फक्त त्याच्या गायक-मुलांचं, तेही मारूनमुटकून. आठव्यात जॅक विचारतो, राल्फ नायक नको असं कोणाला वाटतं? एकही हात वर नाही. तो रडत निघून जातो, आणि मग मुलं एकेक करून गुपचूप त्याच्याकडे सरकतात. म्हणजे मतदानात जॅक दोन्ही वेळा हरलाय. ‘डोंगरावर शंख चालत नाही’ हे तो दुसऱ्याच प्रकरणात बोलून बसलाय. चष्म्याची चोरी ही फार पुढची गोष्ट.

काचवाला
मुळात त्या चष्म्याने आग लागणारच नाही. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे मायनस नंबर. ते भिंग अंतर्वक्र, ऊन एकवटत नाही, पसरवतं. प्लस ३ असता तर ३३ सेंटिमीटरवर सूर्याचा सुमारे ३ मिलिमीटरचा ठिपका पडला असता, आणि कादंबरीत आहे तसं कुजकं, वाळलेलं लाकूड त्यावर धुमसलंही असतं. एवढं मोठं प्रतीक चुकीच्या भिंगावर उभं आहे.

काठावरचा
@काचवाला, भौतिकशास्त्र मान्य. पण प्लस नंबरच्या मुलाला चष्मा गेल्यावरही लांबचं बरंच दिसतं. मग अकराव्या प्रकरणात खडकाला चिकटून बसलेला, समोर कोण आहे ते विचारणारा पिगी कुठून आणायचा? गोल्डिंगने भिंगाचा बळी दिला, बरंच केलं.

दर्यावर्दी
प्रतीकं राहू द्या, मूळ दावाच खोटा आहे. १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगाची सहा शाळकरी मुलं ‘अता’ या निर्जन बेटावर अडकली. पंधरा महिने राहिली. कामं वाटून घेतली, एकाचा मोडलेला पाय बसवला, आग वर्षभराहून जास्त तेवत ठेवली. सप्टेंबर १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियन खलाशी पीटर वॉर्नरच्या बोटीने सोडवलं तेव्हा सगळी धडधाकट. ‘माणूस मुळात हिंस्र’ हे एका निराश इंग्रज मास्तरचं मत, निसर्गनियम नव्हे.

शिंपलेवाली
ती सहा जण एकमेकांचे मित्र, १३ ते १६ वयाची, स्वतःहून होडी घेऊन निघालेली. इथे सहा ते बारा वर्षांची, बहुतेक एकमेकांना अनोळखी, अणुयुद्धातून पळवून आणलेली मुलं. त्यात जॅकची गणवेशातली तुकडी आयतीच, रांगेत चालत येणारी. आणि गोल्डिंगचं भांडण टोंगाशी नाहीच. एकोणिसाव्या शतकातल्या ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीतही राल्फ आणि जॅक आहेत, तिथे रानटीपणा बेटावर बाहेरून येतो, इंग्रज पोरं कायम सभ्य. शेवटी आलेला नौदल अधिकारी नेमकं तेच पुस्तक आठवतो. ज्या धुरामुळे तो आला ती आग राल्फला मारण्यासाठी लावलेली होती, आणि तो स्वतः आलाय युद्धनौकेतून.

बिनपट्टीचा
तुम्ही शंख-चष्मा या वस्तूंवर भांडताय, जॅकच्या टोळीतल्या रॉजरचं नावही नाही. चौथ्या प्रकरणात तो छोट्या हेन्रीवर दगड फेकतो, पण नेम चुकवून. त्याच्याभोवती सुमारे सहा यार्डांचं एक वर्तुळ सोडतो, कारण आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून हातात भिनलेला आहे. अकराव्यात तोच मोठी शिळा ढकलायच्या तरफेवर अंग टाकतो. एका शिळेत पिगी गेला, शंखही गेला. जॅकने तसा हुकूम दिलेला नव्हता.

काठावरचा
आणि त्या घटकेला पिगीचा चष्मा जॅककडे होता. मी हलत नाही.