मेक्सिको सिटीतली माया देवळं खोटी आहेत, तरी बघावीत का?

भटकभवानी:
नोव्हेंबरमध्ये ह्यांच्या ऑफिसच्या कामामुळे मेक्सिको सिटीला जातोय. बोनाम्पाक, पालेंके ही माया लोकांची (तिथली प्राचीन संस्कृती) जुनी ठिकाणं लांब चियापास राज्यात, तिथवर जायला सुट्टी पुरणार नाही. मेक्सिको सिटीतल्याच मानववंशशास्त्र म्युझियममध्ये माया देवळांच्या प्रतिकृती आहेत म्हणे. त्यासाठी दिवस घालवावा का? सोबत नववीतला मुलगा आहे, मडकी-बिडकी दाखवली की अर्ध्या तासात जांभया सुरू.

विटाचुना:
घालवा की! माया दालनातून बाहेर बागेत गेलात की होचोबच्या देवळाचा दर्शनी भाग उभा केलाय, दार म्हणजे आ वासलेला राक्षसाचा जबडाच. जांभई तिथल्या तिथे बंद. तिथेच बोनाम्पाकचं देऊळ, तीन खोल्या, आत शिरलं की भिंतीभर चित्रं, लांबलचक कर्णे वाजवणारे, लढाई, आणि पायऱ्यांवर बसलेले कैदी ज्यांच्या बोटांतून रक्त ठिबकतंय. मूळ चित्रं इ.स. 790 च्या आसपासची, आता बरीच पुसट झालीत. शिवाय खोल्या किती अरुंद ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, कारण मायांकडे आपली नेहमीची कमान नव्हती, दोन्हीकडून दगड थोडे थोडे पुढे सरकवत वर मिटवायचे, त्यामुळे रुंदी वाढवताच यायची नाही.

रानवारा:
मला नाही पटत. सगळं कोरं करकरीत, फिल्मसिटीचा सेट वाटतो. जंगल नाही, घाम नाही, माकडांचा आरडाओरडा नाही, मग कसले माया!

विटाचुना:
अहो पण देवळं तेव्हा कोरी करकरीतच होती ना. होंडुरासमधलं कोपान बघा, तिथे रोसालिला नावाचं देऊळ मायांनी न पाडता जपून पुरलं आणि त्यावर दुसरं बांधलं. 1989 मध्ये बोगद्यात सापडलं तेव्हा गिलाव्यावर लाल रंग अजून होता. त्याचीच पूर्ण मापाची प्रतिकृती कोपानच्या म्युझियममध्ये आहे, 1996 पासून. लोक बघून म्हणतात काय हा भडकपणा, पण होतीच ती भडक, दगडाचा राखाडी रंग ही पडझडीनंतरची गोष्ट.

निवांत_काका:
वादात एक राहिलंच, दालनाच्या तळघरात पाकाल राजाची थडग्याची खोली केलीय, पालेंकेला 1952 मध्ये उघडली तीच. खोली नकली, पण त्याचा जेडचा मुखवटा अस्सल, तो ह्याच म्युझियममध्ये. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून ठेवा ताई.

भटकभवानी:
मंगळवार ठरला मग. राक्षसाच्या जबड्यावर पोरगं तयार झालंय.