शिरोड्यात खांडेकरांचं काय बघता येईल?

पुणेकर_पाहुणा
दिवाळीनंतर आईला घेऊन वेंगुर्ल्याला चाललोय. आई सत्तरीची, खांडेकरांची भक्त, ‘ययाती’ दोनदा वाचलेली. तिला शिरोडा बघायचाय. इकडेतिकडे विचारलं तर सगळे वेळागरचा समुद्र आणि मासळीचं ताट एवढंच सांगतात. एक दिवस आहे. काय दाखवू?

मिठागरावरची
मी मूळची शिरोड्याची, तेव्हा थोडं लांबण लागेल.

‘ययाती’ डोक्यात ठेवून आलात तर चुकामूक व्हायची. ती १९५९ची, मास्तर कोल्हापूरला गेल्यानंतरची. शिरोड्यातले खांडेकर म्हणजे १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवणारे. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या मुक्कामातल्या. आमचे आजोबा त्यांच्या हाताखाली शिकले. ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा पेपर घेऊन ओटीवर आले नि म्हणाले, “आमच्या मास्तरांका गावला!” लेखक हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नाही.

म्हणून आधी शाळा, मग मिठागरं. १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. पण मीठ पिकतं उन्हाळ्यात. तुम्हाला नुसते बांध आणि साचलेलं पाणी दिसेल. आईंना आधीच सांगून ठेवा.

मग आरवली, अगदी शेजारी. जयवंत दळवींचं गाव. वेतोबाच्या देवळात नवसाच्या चामड्याच्या चपला बघा, माणसाच्या पायाच्या कितीतरी पट मोठ्या. रात्री देव गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं मानतात. मी लहानपणी तळवा उलटा करून बघितला होता नि पाठीत धपाटा खाल्ला होता. माझी आत्या आरवलीत दिलेली. दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधला अमका म्हणजे आमच्यातलाच कोण, यावरून तिच्या सासरी अजून भांडणं होतात. विषय काढू नका, जेवण थंड होईल.

दाभोलीचो
आणि पाडगांवकर? १९२९चा जन्म, वेंगुर्ल्यातला.

मिठागरावरची
विसरले नाही हो. पण प्रश्न शिरोड्याचा होता. वेंगुर्लेकरांना मध्येच बोलायची सवयच!

पुणेकर_पाहुणा
आईला सगळं वाचून दाखवलं. तिने कपाटातून ‘उल्का’ काढून पिशवीत टाकलीसुद्धा. शाळा रविवारी बघता येईल का?

मिठागरावरची
रविवारी कशी उघडी असेल! शनिवारी या, तेही सकाळी. आमच्या वेळी अकराला घंटा व्हायची.