मदत हवी आहे: 'काइंड ऑफ ब्लू'ची कोणती प्रत घ्यावी?

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या या एलपीची मामांकडून आलेली जुनी प्रत माझ्याकडे आहे. पहिली बाजू लावून पेटीवर सूर धरला की तबकडी किंचित चढी लागते. दुसरी मात्र चोख जुळते. पहिल्या बाजूच्या मार्च १९५९च्या ध्वनिमुद्रणात टेप मशीन जरा हळू चाललं होतं, म्हणून नेहमीच्या गतीला सूर वर जातो. १९९२च्या आवृत्तीत योग्य गतीनं चाललेल्या दुसऱ्या मशीनवरच्या राखीव टेपवरून हे दुरुस्त झालं.

आता नवी प्रत घ्यायचीय. वेष्टनावर गतीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर दुरुस्त प्रत ओळखायची कशी? मोनो घ्यावी की स्टिरिओ? कोल्ट्रेन आणि अ‍ॅडर्ली यांचे सॅक्सोफोन मला वेगवेगळे ऐकू यायला हवेत, त्यामुळे माझा कल स्टिरिओकडे आहे. पॉल चेंबर्सचा बास मोनोत जास्त भरीव लागतो का, हे ज्यांनी दोन्ही ऐकलंय त्यांनी जरूर सांगा.

आणखी एक, आपल्याकडच्या उन्हात कुरिअरनं मागवली तर तबकडी वाकते का? की पावसाळ्यापर्यंत थांबू?

संभाजीनगर, नांदेडकडे कुणाकडे दुरुस्त प्रत असेल तर कळवा. पेटी घेऊन ऐकायला येतो.