प्रतिसाद: बोटीची वाट पाहणारे जवान

परदेशी लढाईवर नेणारी बोट मिळेपर्यंतचे दिवस जवानांना आरामाचे असत, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात कुठे जायचं हे साध्या शिपायाला शेवटपर्यंत कळत नसे, आणि घरच्या पत्रांवर सेन्सॉरची नजर. ब्रिटिशांच्या हिंदी (भारतीय) फौजेतल्या ४५ व्या ब्रिगेडचंच बघा. तयारी मध्यपूर्वेच्या वाळवंटासाठी झाली, पण जानेवारी १९४२ मध्ये ती उतरली सिंगापूरला. त्यात बरीचशी कोवळी, लष्करी प्रशिक्षण अर्धवटच झालेली पोरं! त्याच महिन्यात मलायात (आजच्या मलेशियात) मुआरच्या लढाईत ब्रिगेड जवळपास नष्ट झाली. त्यांच्या घरच्यांना तर पुढे कित्येक महिने पोरगा जिवंत आहे की कैदेत, याचाही पत्ता नव्हता. ही ताटातूटही युद्धाच्या इतिहासात नोंदवायला हवी.